मदत हवी आहे : जलाशयातील पाण्याचे ऋतूनुसार तापमान कसे नोंदवावे आणि पोहण्याचे नियोजन कसे करावे?

नमस्कार,

एका धरणाच्या जलाशयात मी उन्हाळ्यात नियमित पोहतो. यंदा उन्हाळा सरल्यावरही, जमेल तितके हिवाळ्यापर्यंत, पोहत राहावे असा आमच्या छोट्या गटाचा विचार आहे. गटात दोघे-तिघे नवखे आहेत. पोहण्याच्या तलावात ते उत्तम पोहतात, पण उघड्या आणि थंड पाण्याची त्यांना सवय नाही. त्यामुळे अंदाजावर न विसंबता पाण्याच्या तापमानाची वर्षभराची नोंदवही ठेवायची, असे आम्ही ठरवले आहे.

पहिली अडचण मोजण्याची आहे. दर मीटरावर गाठ मारलेल्या दोरीला तापमापक बांधून मी तो पाण्यात सोडतो. दुपारी वरचे पाणी चांगले कोमट असते, पण जलाशयाच्या मध्यावर पोहणे थांबवून पाय खाली सोडले की गुडघ्यांच्या खाली एकदम गारठा लागतो. अशा वेळी त्या दिवसाचे तापमान म्हणून नेमक्या कोणत्या खोलीचा आकडा लिहावा?

दुसरी शंका वाऱ्याची आहे. दिवसभर जोराचा वारा वाहिल्यानंतर दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या काठावरचे पाणी बरेच थंड झालेले आढळले. हवा मात्र आदल्या दिवसापेक्षा उष्ण होती. असे का व्हावे?

याशिवाय धरणातून विसर्ग सुरू असताना आणि पातळी उतरलेली असताना कोणती काळजी घ्यावी, आणि पाणी थंड होत जाईल तसे नवख्यांनी किती वेळ पाण्यात राहावे, याबद्दलही अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपल्या शंका रास्त आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांचे मूळ एकच आहे : खोल जलाशयाला एकच एक तापमान नसते. उन्हाने तापलेले पाणी हलके असल्यामुळे वर राहते, थंड व जड पाणी तळाशी राहते आणि दोहोंच्या मध्ये एक असा पट्टा तयार होतो, ज्यात थोडक्या खोलीत तापमान झपाट्याने घसरते. शांत, कडक उन्हाच्या दुपारी सर्वांत वरचा पातळ थर आणखी तापतो. आपल्या गुडघ्यांना जो फरक जाणवतो तो बहुधा या पातळ थराचा आहे, म्हणून दुपारचा एकच आकडा लिहून ठेवला तर तो फसवा ठरेल.

खुल्या पाण्यातील जलतरण स्पर्धांसाठी, जलक्रीडांची जागतिक संघटना असलेल्या वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सच्या नियमांत तापमान शर्यतीच्या 2 तास आधी, मार्गाच्या मध्यभागी, 40 सेंटिमीटर खोलीवर मोजण्याची पद्धत आहे, आणि पाणी 16 ते 31 अंश सेल्सिअस या मर्यादेत असावे लागते. आपणही 40 सेंटिमीटरची नोंद मुख्य धरावी आणि सोबत 1, 2 व 4 मीटरच्या नोंदी घ्याव्यात. मात्र 16 अंश ही तयारीच्या स्पर्धकांची मर्यादा आहे. सवय नसलेल्या माणसाला ते पाणी बोचरे थंड लागते. मोजणी शक्यतो सकाळी, दररोज ठरावीक वेळी करावी.

आपल्या दोरीच्या पद्धतीत एक उणीव राहते. तापमापक वर ओढताना उबदार थरातून येतो आणि हातात येईपर्यंत त्याचा आकडा बदललेला असतो. त्याऐवजी वजन बांधलेल्या बाटलीत तापमापक ठेवावा, बुचाला वेगळी दोरी बांधावी, हव्या त्या खोलीवर बूच ओढून बाटली भरू द्यावी, काही मिनिटे तिथेच राहू द्यावी आणि वर घेताच आतल्या पाण्याचे तापमान वाचावे.

वाऱ्याबद्दल सांगायचे तर, तो वरचे उबदार पाणी समोरच्या काठाकडे ढकलतो आणि ज्या काठाकडून वारा येतो तिथे ती जागा भरायला खालचे थंड पाणी वर येते. वारा पडल्यावरही आतले थर काही काळ वर-खाली हेलकावत राहतात. म्हणून नोंदवहीत वाऱ्याची दिशा आणि जोर यांचा रकाना असायलाच हवा. माझ्या मते हवेच्या तापमानापेक्षा तो अधिक उपयोगी पडेल.

ऋतूंचा हिशेबही हवेवरून मांडू नये. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते, त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडाशी हवा सुखद असली तरी पाणी धोकादायक थंड असू शकते आणि उन्हाळा संपल्यावर काही आठवडे ते हवेपेक्षा उबदार राहते. पुढे वरचा थर थंड होऊन खाली बसू लागतो आणि हळूहळू सारा साठा वरपासून खालपर्यंत मिसळतो. त्या दिवसांत पाणी गढूळ दिसणे किंवा तळाचा कुबट वास येणे शक्य आहे. थंड प्रदेशांत कडक हिवाळ्यात क्रम उलटतो, कारण गोडे पाणी सुमारे 4 अंशांना सर्वांत जड असते आणि त्याहून थंड पाणी वर तरंगते.

आता सर्वांत महत्त्वाचे. 15 अंशांखालच्या पाण्यात एकदम शिरल्यास पहिल्या एक-दोन मिनिटांत श्वास अनावर होतो, नकळत मोठा श्वास आत ओढला जातो आणि तोंड पाण्याखाली असेल तर माणूस पट्टीचा पोहणारा असूनही बुडू शकतो. त्यामुळे उडी किंवा सूर मारणे पूर्णपणे टाळावे, उथळ भागातून हळूहळू आत जावे आणि श्वास ताब्यात येईपर्यंत काठ सोडू नये. ज्यांना हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब आहे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय थंड पाण्यात उतरूच नये. पुढे हातापायांचे स्नायू गारठून हात मारणे जड होते आणि हे शरीराचे आतले तापमान फारसे उतरण्याआधीच घडते.

‘जितके अंश तितकी मिनिटे’ असा एक ठोकताळा सांगितला जातो, पण नवख्यांसाठी मी तो वापरणार नाही, कारण प्रत्येकाची शरीरयष्टी आणि सवय वेगळी असते. बोटे जुळवता येईनाशी झाली किंवा बोलणे अडखळू लागले तर फार उशीर झाला आहे असे समजावे. बाहेर पडण्याची वेळ त्याच्या कितीतरी आधीची असते. बाहेर आल्यावरही शरीराचे तापमान काही वेळ उतरत राहते, म्हणून लगेच अंग पुसून कोरडे कपडे घालावेत आणि हुडहुडी थांबेपर्यंत कोणालाही एकटे सोडू नये.

विसर्ग सुरू असताना सांडवा, दरवाजे आणि पाणी ओढून घेणारे मनोरे यांच्या आसपासही जाऊ नये. वरचे पाणी संथ दिसले तरी खाली जबर ओढ असू शकते. पातळी उतरते तेव्हा बुडालेले बुंधे आणि जुनी बांधकामे पृष्ठभागाजवळ येतात, तर काठावर उघडा पडलेला गाळ वरून सुकलेला दिसत असला तरी त्यात पाय रुतू शकतो. पाण्याबाहेर येण्याची जागा दर वेळी आधी चालून पाहावी.

प्रतिसाद २

वरील माहितीत एवढीच भर घालतो. उबदार, संथ पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला तर पाण्यात उतरू नये. ते निळे-हिरवे शैवाल असू शकते, त्याच्या काही जाती विषारी असतात आणि नुसते पाहून विषारी कोणते हे ओळखता येत नाही. मोठ्या पावसानंतरही एक-दोन दिवस थांबणे बरे, कारण ओढ्या-नाल्यांतून घाण आणि ओंडके जलाशयात येतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मुख्य नोंद 40 सेंटिमीटरची आणि सकाळची ठेवतो, वाऱ्याच्या दिशेचा व पाण्याच्या पातळीचा रकाना वाढवतो आणि बाटलीची पद्धत याच आठवड्यात करून पाहतो. पाणी 18 अंशांखाली गेले की नवख्यांनी काठाला समांतर, पाय टेकतील इतक्याच खोलीत पोहावे असा नियम करावा, असे मनात आहे. हा आकडा योग्य वाटतो का, की सुरुवातीला तो 20 ठेवावा?