टोटल लॉसची ऑफर फारच कमी वाटतेय, सही करू का? मदत हवी आहे

मंडळी, गेल्या आठवड्यात सिग्नलला उभा असताना मागून ट्रकने ठोकलं. कुणाला काही लागलं नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद तेच विचारणारे येतील. डिकी पार मागच्या सीटपर्यंत आत आलीये, चासी वाकलीये, आणि दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या वर जातेय म्हणून माझ्याच इन्शुरन्स कंपनीने टोटल लॉस धरला. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आकड्याची आहे. माझ्या पॉलिसीत आधी ठरवलेली रक्कम नाही, 'अपघाताच्या वेळचा बाजारभाव' एवढंच लिहिलंय. परवा फोन आला, एवढे देतो, दोन दिवसांत कळवा. त्या पैशात तशीच गाडी सोडा, तिच्याहून तीन वर्षं जुनीसुद्धा यायची नाही. हिशोब मागितला तर म्हणे सिस्टीममधून येतो, मग मेल टाकल्यावर दोन पानी रिपोर्ट आला. त्यात तुलनेला तीन गाड्या घेतल्यात, एक बेस मॉडेल (माझं टॉप), दुसरी माझ्यापेक्षा ४०,००० किमी जास्त पळालेली, तिसरी बरोबर आहे पण तिच्याही किमतीतून माझ्या गाडीची 'कंडिशन' म्हणून कापलेत. अहो, चेंदामेंदा झाल्यावर गाडी बघितलीत, आधीची कंडिशन कुठून कळली?

चारही टायर दोन महिन्यांपूर्वी टाकलेत, बिल आहे, ते पैसे मिळतात का? वर लोन चालू आहे म्हणजे पैसे आधी बँकेला, उरले तर मला. आणि गाडी ठेवलीय त्या यार्डचं भाडं रोज चढतंय ते कुणाच्या बोकांडी बसणार तेही कुणी सांगेना. बायको म्हणते सही करून मोकळा हो, मेहुणा म्हणतो वकील कर. अनुभवी लोकांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १
एवढ्यात सही नको. फुल अँड फायनलवर (म्हणजे 'एवढ्यात सगळं मिटलं, आणखी काही मागणार नाही' या कागदावर) सही झाली की पुढे भांडायला फारसं काही उरत नाही. 'ऑफर कमी आहे' असं मोघम बोलू नका, रिपोर्टमधली एकेक ओळ धरा, बेस मॉडेल का घेतलं, किमीचा फरक कुठे धरला, कंडिशनचे कशावरून कापले, आणि सगळं मेलवर, फोनवर नाही. तुमच्याच व्हेरियंटच्या, त्याच वर्षाच्या पाचसहा जाहिराती शोधा आणि लगेच स्क्रीनशॉट काढा, गाडी विकली की जाहिरात गायब होते. ते म्हणतील जाहिरातीतला भाव म्हणजे विक्रीचा भाव नव्हे, ते खरंही आहे, म्हणून एकदोन जाहिरातींवर विसंबू नका. टायरचे पूर्ण पैसे विसरा, पण कंडिशनची कपात खोडायला तेच बिल आणि सर्व्हिस रेकॉर्ड कामाला येतं. वकील आत्ताच नको, आधी स्वतंत्र व्हॅल्युअर (गाडीची किंमत ठरवून देणारा) बघा, त्याची फी बहुधा तुमच्या खिशातून जाईल, तेव्हा फरक मोठा असेल तरच.

प्रतिसाद २
'गाडी कंपनीच्या यार्डात हलवा' असं कंपनीला आजच लेखी कळवा, म्हणजे पुढच्या भाड्याचा वाद टळू शकतो. आतलं सामान काढून घ्या. आणि क्लेम मिटेपर्यंत लोनचे हप्ते थांबवू नका, बँकेला अपघाताशी देणंघेणं नसतं.

धागाकर्ता
हप्त्याचं डोक्यातच नव्हतं, पाच तारखेला आहे! मेल लिहायला घेतोय, बेस मॉडेलपासूनच सुरुवात करतो. मेहुण्याला अजून काही सांगितलेलं नाही.