प्रतिसाद: थर्मोस्टॅट काढू नका, आधी रेडिएटरचं टोपण बघा

‘थर्मोस्टॅट काढून टाका, मग खंबाटकी घाटात गाडी तापणार नाही’ हा वरचा सल्ला जुन्या मारुती ८००-अल्टोसाठी अजिबात पाळू नका. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारा व्हॉल्व्ह) काढला की साताऱ्याच्या थंडीत इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये ओल साचते. रेडिएटर (इंजिनचं पाणी गार करणारी जाळी) चोंदलेला असेल तर गाडी घाटात तापायची ती तापतेच. शंका असेल तर थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, आणि पाणी तापवा. त्याच्यावर कोरलेल्या तापमानाच्या (बहुधा ८२ किंवा ८८ अंश) आसपास व्हॉल्व्ह उघडू लागला पाहिजे. बसवताना स्प्रिंग इंजिनकडे, हवेचं बारीक भोक वर, पॅकिंग नवीन.

रेडिएटरच्या टोपणाचा विषय मात्र इथे कुणीच काढला नाही, आणि सगळ्यात स्वस्त दुरुस्ती तीच. ०.९ बारचं टोपण दाब धरत असेल तर साधं पाणीसुद्धा साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. टोपणाचं रबर कडक होऊन चिरलं की पाणी शंभरीच्या आसपासच उकळून बाहेर येतं, आणि लोक उगाच हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) उघडायला जातात. इंजिन पूर्ण गार असताना टोपण काढून रबर बघा. नवीन घेताना जुन्यावर छापलेलाच आकडा घ्या. सांगली-मिरजेकडचं क्षाराचं बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये नकोच, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. भरताना हीटर गरमवर ठेवा, गाडीचं तोंड चढाला करा, बुडबुडे थांबेपर्यंत टोपण लावू नका.