मंदीच्या काळात बेटावरचे डाइव्ह सेंटर तग धरते का?

प्रश्न : शिरोलीकर

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझा कास्टिंगच्या मशीनिंगचा लहानसा कारखाना आहे. माझा धाकटा मेहुणा अंदमानातील स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, येथील एका चालू डाइव्ह सेंटरमध्ये (पाठीवर हवेची टाकी बांधून पर्यटकांना समुद्राखाली नेणाऱ्या दुकानात) भागीदारी घेण्याच्या विचारात असून त्यातील काही रक्कम मी घालावी अशी त्याची अपेक्षा आहे. त्याने दाखविलेले गेल्या दोन हंगामांचे आकडे चांगले आहेत. पण ती दोन्ही वर्षे सुगीची होती. २०१९ मध्ये वाहन उद्योग मंदावला तेव्हा गिऱ्हाइकांचे मागणीचे शेड्यूल निम्म्यावर आले, दुसरी पाळी बंद करावी लागली, आणि तरीही विजेचा डिमांड चार्ज व बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला द्यावाच लागत होता, हे मी अनुभवले आहे. समुद्राचा मात्र मला गंध नाही. मंदी आल्यावर अशा धंद्यातील नेमके कोणते उत्पन्न आधी आटते, आणि हिशेबाच्या वह्यांत ते कोठे दिसते? ‘पर्यटनाला मरण नाही’ असे सांगणारे घरात पुष्कळ आहेत. म्हणून येथे विचारतो.

उत्तर : राजारामपुरी सातवी गल्ली

मी हॅवलॉकला चार हंगाम इन्स्ट्रक्टर म्हणून काम केले आहे, त्यामुळे पाहिलेले तेवढेच लिहितो.

अशा सेंटरचे गिऱ्हाईक एकसारखे नसते. कुटुंबासह आलेला, पोहता न येणारा पर्यटक इन्स्ट्रक्टरचा हात धरून एकदाच पाण्याखाली जातो, फोटो काढून घेतो आणि संध्याकाळच्या बोटीने परततो. ही ट्राय डाइव्ह. दुसरा बंगळूर, पुणे किंवा मुंबईचा नोकरदार तरुण, जो तीन-चार दिवस राहून १८ मीटर खोलीपर्यंतचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स करतो, आणि आवड लागली तर पुढचा कोर्स करण्यासाठी पुढच्या वर्षी पुन्हा येतो. मंदीत पहिल्या प्रकारची गर्दी आपण समजतो तितकी घटत नाही, कारण तिच्यात केंद्र सरकारचे कर्मचारी बरेच असतात. त्यांना एलटीसीवर (रजा प्रवास सवलतीवर) विमानाने अंदमानला जाण्याची सवलत सरकारने अनेक वर्षे वाढवत आणली आहे, आणि त्यांचा पगार बाजारावर अवलंबून नसतो. घटतो तो दुसरा. तो आरक्षण रद्दही करीत नाही, कारण त्याने ते केलेलेच नसते. ‘यंदा नको, पुढच्या वर्षी बघू’ असे मनाशी ठरवून तो चौकशीचा फोनच करीत नाही. म्हणून वहीत रद्द झालेल्या आरक्षणांचा रकाना स्वच्छ दिसतो आणि मालक दिवाळीपर्यंत निश्चिंत राहतो. आपण माणसांची एकूण संख्या पाहू नका. ट्राय डाइव्ह किती आणि कोर्स किती, हे दर महिन्याचे वेगळे मागवा.

बोटीचे गणित आपल्याला फाउंड्रीच्या भट्टीवरून समजेल. आमच्या दुकानाबाहेर एक फळा होता, त्यावर दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीची नावे खडूने लिहिली जात. बोट आठ जणांची. एका हंगामात एक मोठी विमान कंपनी बंद पडली, तिकिटांचे दर चढले, आणि त्या फळ्यावर रात्री नऊ वाजता दोनच नावे असायची. दोघांसाठी लागणारे डिझेल, बोटवाला आणि मदतनीस आठ जणांइतकेच. फेरी रद्द करावी तर ते दोघे शेजारच्या सेंटरकडे जाणार आणि न्यावी तर पदरचे घालावे लागणार. शेवटी आम्ही तीन सेंटरवाल्यांनी एकच बोट वाटून घेण्यास सुरुवात केली, तेव्हा कोठे जमले. (ती मंदी नव्हती, पण दुकानात बसलेल्या माणसाला विमानाचे महागलेले तिकीट आणि पर्यटकाचा आटलेला खिसा यांतला फरक कळत नाही.)

आता दोन गोष्टी, ज्या ताळेबंदात दिसत नाहीत. इन्स्ट्रक्टरला बहुधा थोडा ठरावीक पगार आणि प्रत्येक कोर्समागे कमिशन मिळते. कोर्स आटले की तो महिन्याभरात मालदीव किंवा थायलंडची वाट धरतो. मंदी सरल्यावर गिऱ्हाईक परत येते, पण तेथील प्रवाह आणि खडक अंगवळणी पडलेला माणूस परत येत नाही, आणि नवा माणूस तयार होण्यात एक हंगाम जातो. दुसरी गोष्ट देखभालीची. टाकीतली हवा तोंडाशी पोहोचविणारे रेग्युलेटर दरवर्षी उघडून साफ करावे लागतात, टाक्यांत हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा फिल्टर ठरावीक तास चालल्यावर बदलावा लागतो, टाक्यांची दाबचाचणी मुदतीत करावी लागते. पैशांची ओढाताण सुरू झाली की हात आधी येथेच आखडतो. विमान कंपनी बंद पडली त्या हंगामात फिल्टर ‘अजून पंधरा दिवस’ असे म्हणत लांबविला गेला आणि एके सकाळी टाकीतल्या हवेला तेलाचा वास आला. त्या टाक्या पाण्यात नेण्यास मी नकार दिला, आणि त्यावरून मालकाशी झालेले भांडण पुढे माझी नोकरी सुटेपर्यंत चालले.

पावसाळ्याचे वेगळे सांगायला नको. मेअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला असतो, धंदा जवळपास बंद असतो आणि भाडे चालू असते. ऑक्टोबरात वेटसूट (पाण्याखाली घालायचे पोशाख) बाहेर काढताना गल्ल्यात काय शिल्लक आहे, यावर पुढचा हंगाम ठरतो. कारखान्याला मंदी बाराही महिन्यांत वाटून येते. येथे ती डिसेंबर-जानेवारीत आली तर वर्षच गेले.

उत्तर : खातेवही

मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो आहे. वरील उत्तर उत्तम आहे. त्यात एकच मुद्दा जोडतो. मंदी कोणाच्या घरी आली आहे, हा प्रश्न आधी विचारावा.

२ जुलै १९९७ रोजी थायलंडने आपले चलन खुले सोडले. डॉलरला साधारण २५ बाट मिळत होते, ते जानेवारी १९९८ पर्यंत ५० च्या पलीकडे गेले. देश संकटात होता, पण १९९८ मध्ये तेथे आलेल्या परदेशी पर्यटकांची संख्या आदल्या वर्षापेक्षा वाढली, कारण युरोपीय माणसाला ती बेटे एकाएकी स्वस्त झाली होती. याउलट २००८ चे संकट गिऱ्हाइकाच्याच घरी होते. मालदीवमध्ये त्या वर्षी सुमारे ६ लाख ८३ हजार पर्यटक आले, २००९ मध्ये ते सुमारे ६ लाख ५६ हजारांवर उतरले आणि २०१० मध्ये ७ लाख ९० हजारांच्या पुढे गेले. ही घट जेमतेम ४ टक्क्यांची, म्हणजे ऐकायला किरकोळ. पण २००९ मध्ये जगभरात पर्यटकांची संख्या सुमारे ४ टक्क्यांनी घटली असताना पर्यटनातून मिळालेले उत्पन्न सुमारे ६ टक्क्यांनी घटले होते. माणूस येतो, पण दोन रात्री कमी राहतो आणि तिसरी डाइव्ह गाळतो. बेटावरच्या दुकानाचा नफा त्या तिसऱ्या डाइव्हमध्येच असतो.

अंदमानचे गिऱ्हाईक मुख्यतः देशी आहे. रुपया घसरला तर थायलंड-मालदीवला जाणारा काही वर्ग अंदमानकडे वळू शकतो, हा फायदा. मात्र रेग्युलेटर आणि कॉम्प्रेसरचे सुटे भाग बहुतांशी बाहेरून येतात, ते त्याच वेळी महागतात. कर्ज घेणार असाल तर २०२० मधील हप्तेस्थगिती आठवा. मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने हप्ते थांबले, व्याज थांबले नव्हते. त्याच वर्षी मालदीवमधील पर्यटकांची संख्या १७ लाखांवरून साडेपाच लाखांच्या आसपास आली होती. इतका खड्डा कोणत्याच हिशेबात धरता येत नाही, परंतु एका पडक्या हंगामाचे हप्ते बाजूला ठेवलेले असावेत, इतके मी कर्जदाराला नेहमी सांगत असे.

उत्तर : मालवणचा जावई

माझी सासुरवाडी मालवणची, राहणे रंकाळ्यापाशी. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात जे स्कुबा चालते, त्याचे बरेचसे गिऱ्हाईक आपल्याकडचेच आहे. पहाटे घाट उतरायचा, दुपारी मासे खायचे आणि रात्री घरी. हात आखडला की अंदमान-गोव्याचा बेत मोडून माणूस मालवणला येतो, त्यामुळे तेथे मंदीत गर्दी तुटत नाही, दर तुटतात. शेजारच्याने शंभर रुपये कमी केले की आपणही करायचे, आणि मग ते भरून काढण्यासाठी पाण्याखालचा वेळ कमी करायचा. तरीही आमचे मामेसासरे तगून राहिले, कारण बोट घरची, घरातली माणसेच कामाला, आणि पर्यटक नसला तर जाळे टाकता येते. मेहुण्याच्या सेंटरमध्ये जाळ्याची जागा कोण घेणार, हे त्याला जरूर विचारा.

शिरोलीकर

सर्वांचा आभारी आहे. राजारामपुरीकरांनी सुचविल्याप्रमाणे कोर्स आणि ट्राय डाइव्ह वेगवेगळे मागविले. गेल्या हंगामातील उत्पन्नापैकी निम्म्याहून अधिक कोर्सचे निघाले. म्हणजे जे आधी आटते तेच तेथे जास्त आहे. दुसरे असे, की कारखानदाराच्या सवयीने मी कॉम्प्रेसरच्या तासांच्या मीटरचे हंगामाच्या आरंभीचे आणि अखेरचे फोटो मागविले. वहीत २४०० टाक्या भरल्याची नोंद आहे आणि मीटर ३१० तास पुढे सरकले आहे. हे जुळते का?

राजारामपुरी सातवी गल्ली

मिनिटाला २०० लिटर हवा देणारा कॉम्प्रेसर असेल, तर ११ लिटरची टाकी ५० बार दाबावरून २०० बारपर्यंत भरायला आठ-नऊ मिनिटे लागतात. टाक्या बदलण्याचा वेळ धरून तासाला सहा टाक्या झाल्या तरी पुष्कळ. २४०० टाक्यांना ४०० तास हवेत. ३१० तासांत साधारण १८५० भरल्या जातील. मात्र लगेच संशय घेऊ नका. कॉम्प्रेसर बिघडला की शेजाऱ्याकडून भरलेल्या टाक्या आणतात, आणि त्याची बिले असतात. ती बिले मागवा.

शिरोलीकर

मागविली आहेत. मेहुण्याला कळविले, की बिले येईपर्यंत आणि मेअखेरीस गल्ल्यात काय उरते ते दिसेपर्यंत मी रक्कम देणार नाही. तो थोडा नाराज आहे.