नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) २९ तास लाइन नव्हती: डीप फ्रीझरमधलं काय ठेवायचं, काय टाकायचं?

मानेवाडावासी:
ट्रान्सफॉर्मर जळाल्यामुळे आमच्या गल्लीची लाइन काल सकाळी ११ ला गेली ती आज दुपारी ४ ला आली. वरून झाकण उघडणारा २०० लिटरचा डीप फ्रीझर आहे, पाऊण भरलेला. स्लॅबखालच्या खोलीत ठेवलाय, तिथे दुपारी सहज ४० अंश असतात. मधल्या वेळात झाकण दोनदा उघडलं गेलं. फ्रीझर अजून चालू केलेला नाही.

वरच्या टोपलीत आइस्क्रीम, पनीर, खवलेला ओला नारळ, पुरणाचे गोळे, आणि लसूण-सांबाराचं (कोथिंबिरीचं) तेलातलं वाटण. मध्ये थंडीत सोलून ठेवलेले ६ किलो मटार आणि आमरसाचे डबे. तळाशी मटण ४ किलो, चिकन ३ किलो. सुरमई दीड किलो टोपलीलगत होती. शिवाय वहिनींनी बाळासाठी काढून ठेवलेल्या दुधाच्या ६ पिशव्या.

आई म्हणते, वास घेऊन पाहू, बरं वाटेल ते खळखळून उकळू आणि संपवू. चालेल का?

अन्नतंत्र:
नाही चालणार, आणि कारण आईंनाही सांगा. वास मारतात ते कुजवणारे जिवाणू. आजारी पाडणारे, म्हणजे साल्मोनेला किंवा स्टॅफिलोकोकस, हे वास-रंग-चव न बदलताही भरपूर वाढू शकतात. उकळून जिवाणू मरतात हे खरं. पण स्टॅफिलोकोकसने पदार्थात सोडलेलं विष उकळून जात नाही, आणि शिजवलेल्या भातात-डाळीत बॅसिलस सेरियस उलट्या लावणारं जे विष तयार करतो तेही जात नाही. सुरमई, बांगडा, टूना या मासळीत हिस्टामाइन तयार होतं. ते तळूनही टिकतं आणि तोंड लाल होणं, अंगावर गांध्या, धडधड असा त्रास देतं. रोहू-कतल्यात हा धोका फारसा नसतो, म्हणून आपल्याकडे तो पटकन लक्षात येत नाही.

ठरवायचं ते दोनच गोष्टींवर: पदार्थाच्या आतलं तापमान, आणि ४ अंशांच्या वर तो किती वेळ होता. बर्फाचे कण हाताला लागत असतील किंवा आतलं तापमान ४ किंवा खाली असेल तर पुन्हा गोठवता येतं. ४ च्या वर दोन तासांहून जास्त गेले असतील तर मांस, मासे, दूध-पनीर आणि शिजवलेलं सगळं टाकायचं. बाहेर ओट्यावर काढून ठेवलेल्याला, खोली ३२ अंशांच्या वर असेल तर, एकच तास. सध्याच्या उन्हात एकच तास धरा.

बटण दाबायच्या आधी मोजून घ्या. एकदा फ्रीझर चालला की वरचा थर गार होतो आणि तो मधल्या वेळात किती तापला होता याचा पुरावा जातो. स्वयंपाकाचा सुईसारखा प्रोब थर्मामीटर हवा. तापाचा चालत नाही, त्याचं मोजमाप ३२-३५ च्या वरच सुरू होतं. आधी बर्फ-पाण्याच्या ग्लासात बुडवून शून्य दाखवतो का पाहा. मांसात सुई कडेला आणि मध्यभागी, दोन्हीकडे. बंद पाकीट असेल तर दोन पाकिटांच्या मध्ये दाबून धरा, फोडू नका. कच्च्या मटणातून काढलेली सुई साबणाने धुतल्याशिवाय आमरसात घालू नका.

आणि मऊ म्हणजे गरम असं समजू नका. साखरेमुळे आमरस उणे तापमानातही मऊ पडतो. उलट मांसातलं पाणी उणे १-२ ला गोठतं, त्यामुळे मटणात बर्फाचे कण शिल्लक असतील तर तो भाग शून्याच्या वर गेलेलाच नाही.

गारवा सर्व्हिस:
‘गच्च भरलेला ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास’ असं जे सगळीकडे छापतात ते झाकण बंद आणि खोली साधारण २५ अंशांची धरून. उष्णता आत शिरते ती आतल्या-बाहेरच्या फरकाच्या प्रमाणात. आत उणे १८ आणि खोली २५, तर फरक ४३. खोली ४० झाली की ५८. आतला माल शून्यापाशी आला की तुलना २५ विरुद्ध ४० अशी होते, म्हणजे दीडपटीहून जास्त वेगाने वितळतो. म्हणून नवतप्यात ४८ चे ३०-३५ तास धरा आणि २४ चे १५ च्या आसपास. तुमचे २९ तास अगदी सीमेवर आहेत. तळ बहुतेक वाचला असेल, टोपली नाही. गार हवा जड, ती खालीच बसते.

चालू करताना:

आधी स्टॅबिलायझरवर व्होल्टेज बघा. ट्रान्सफॉर्मर बदलल्यावर पहिले काही तास ते वरखाली होतं. २००-२४० दरम्यान स्थिर झाल्यावरच बटण दाबा. कमी व्होल्टेजला कॉम्प्रेसर उचलत नाही, नुसता गुणगुणतो, तापतो आणि ओव्हरलोड ट्रिप होतो. लाइन पुन्हा गेली-आली तर निदान ५ मिनिटं थांबा. बंद झाल्याझाल्या गॅसचा दाब एका बाजूला साठलेला असतो, त्यावर कॉम्प्रेसरला सुरू व्हायला लावलं की वाइंडिंग जळतं. टाइम-डिले असलेला स्टॅबिलायझर हे काम स्वतः करतो.

सगळा माल एकदम परत कोंबू नका. घरगुती फ्रीझर २४ तासांत दर २८ लिटरमागे साधारण १ ते सव्वा किलोच नीट गोठवतो. २०० लिटरला ७ ते ९ किलो. मऊ पडलेली पाकिटं भिंतीला चिकटवून, एकाच थरात लावा. कॉइल भिंतीतच असते. आणि म्हणूनच साचलेला बर्फ सुरीने खरवडू नका. कॉइलला भोक पडलं तर गॅस जातो, आणि नवीन मॉडेलमध्ये तो बहुधा आर-६००ए असतो, पेट घेणारा.

धरमपेठ_किचन:
पुढच्या वेळेसाठी: वाटीभर पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवायचं. नाणं तळाला गेलेलं दिसलं तर सगळं फेकायचं.

अन्नतंत्र:
खूण उपयोगी आहे, विशेषतः घरी कोणी नसताना लाइन जाऊन परत आली असेल तर. पण ‘सगळं’ नाही. वाटीतलं पाणी थोडं, ते चार किलोच्या मटणाच्या कितीतरी आधी वितळतं. नाणं बुडालं म्हणजे मोजायला लागा, एवढाच त्याचा अर्थ. आणि वाटी टोपलीत ठेवलीत तर ती टोपलीचंच सांगेल. दोन ठेवा, एक वर, एक तळाशी.

मानेवाडावासी:
मोजलं. आइस्क्रीम पातळ. पनीर ११, नारळ १२, पुरण १०, वाटण ९. सुरमई ७. मटार: कडेची पाकिटं सुटी, ६ अंश, मधली अजून गोळा, १ अंश. आमरस गाळासारखा, उणे १. मटण मध्ये कडक, कडेला उणे १. चिकनची दोन पाकिटं कडक, भिंतीकडचं एक मऊ, ३ अंश. दुधाच्या दोन पिशव्यांत बर्फ आहे, चार पूर्ण पातळ, ८ अंश.

अन्नतंत्र:
अगदी हवी तशी मोजणी.

टोपली पूर्ण टाका. पुरण जिवावर येईल, पण ते शिजवलेली डाळ आहे, गूळ असला तरी ते टिकत नाही. ओल्या नारळात आंबटपणा नाही, पाणी भरपूर, तो तर आधी बिघडतो. वाटणाबद्दल जास्त काळजीने सांगतो: तेलात बुडालेल्या लसणाला हवा लागत नाही, आणि अशा जागी गरम हवेत बोटुलिनमचा जिवाणू विष तयार करू शकतो. चाखूनही पाहू नका.

सुरमई टाका. ७ अंशांवर ती किती वेळ होती हे आता कळायला मार्ग नाही.

मटण आणि चिकनची दोन कडक पाकिटं परत गोठवा. शिजवल्यावर रस थोडा जास्त सुटेल, रस्सा करायचा असेल तर फरक जाणवणार नाही. ३ अंशांचं चिकन आज रात्रीच शिजवा, सगळ्यात जाड तुकड्याच्या मध्ये ७५ अंश येईपर्यंत. उरलेला रस्सा परत गोठवता येईल, पण उथळ भांड्यात पसरून दोन तासांच्या आत गार करून.

मटाराला सवलत आहे: ४ अंशांच्या वर सहा तासांपर्यंत चालतं. मधली पाकिटं परत ठेवा. कडेच्यांचे किती तास झाले ते ठाऊक नाही, ती टाका. तसंच ज्या पाकिटावर चिकनचं पाणी ओघळलंय तेही, पिशवी सीलबंद नसेल तर.

आमरस आंबट आहे, त्यात आजाराचे जिवाणू सहसा वाढत नाहीत, यीस्ट वाढतं. डबा उघडल्यावर फसफस, दारूसारखा वास किंवा बुरशी नसेल तर खुशाल गोठवा. या एका पदार्थाला आईंचं नाक चालेल.

बाळाच्या दुधाच्या चार पातळ पिशव्या टाकायच्या, इथे तडजोड नको. बर्फ असलेल्या दोन परत गोठवता येतात. पण फ्रीज नीट गार झाला असेल तर त्यात ठेवून, पूर्ण वितळल्यापासून २४ तासांच्या आत पाजून संपवणं मला जास्त योग्य वाटतं. कोमट पाण्याच्या वाटीत पिशवी धरून ऊब द्या, मायक्रोवेव्ह नको.

खालचा साधा फ्रीज विसरू नका. तो बंद दारानेही चारच तास धरतो. त्यातलं दूध, भिजवलेली कणीक, शिजवलेल्या भाज्या, सगळं गेलं. लोणचं, तूप, सुकी चटणी राहू द्या.

खामला_०७:
आणि फ्रीजच्या दारातलं इन्सुलिन?

अन्नतंत्र:
न उघडलेलं २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वापरातलं साधारण ३० च्या खाली, बहुतेक प्रकारांना २८ दिवस. नेमका आकडा पाकिटातल्या कागदावर असतो. ४० अंशांच्या घरात बंद फ्रीजमध्ये २९ तास गेलेल्या कुपीवर भरवसा ठेवू नका. ती दिसायला स्वच्छ असली तरी ताकद उतरलेली असू शकते. डॉक्टरांना विचारून नवी घ्या, तोवर साखर जास्त वेळा तपासा. पुढच्या वेळी कोरड्या पिशवीत बांधून मातीच्या छोट्या मडक्यात, आणि ते ओल्या वाळूच्या मोठ्या मडक्यात. मे महिन्यात कूलर जसा काम करतो तसंच हेही करतं. ऑगस्टच्या दमट हवेत नाही. आणि गोठवायचं तर कधीच नाही.

गारवा सर्व्हिस:
साफसफाई: आधी साबणाचं पाणी, मग ४ लिटर पाण्यात १५ मिली बिनवासाचं ब्लीच. काही मिनिटं ठेवून पुसा, झाकण उघडं ठेवून कोरडं करा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर मिसळू नका, विषारी वायू निघतो. वास राहिला तर लिटरला एक मोठा चमचा खायचा सोडा, तरीही राहिला तर वर्तमानपत्रावर लाकडी कोळसा पसरून दोन दिवस. झाकणाच्या रबराच्या घडीत हमखास रक्ताचं पाणी साचतं, ती घडी उलटून पुसा.

इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर साइन वेव्हच हवा, आणि सुरू होतानाचा झटका चालू भाराच्या कितीतरी पट असतो हे धरून क्षमता घ्या. १५० एएच बॅटरी कागदावर १.८ युनिट, हाती येतात सव्वाच्या आसपास. या उन्हात कॉम्प्रेसर जवळपास सलग चालतो, १३० वॅट धरले तर नऊ तास.

बर्फाचा हिशेब स्वस्त पडतो. एवढ्या फ्रीझरमध्ये ४० वॅट उष्णता शिरते असं धरलं तर १० किलो बर्फ २० तासांवर धरतो. उणे १८ राहणार नाही, पण ४ च्या वर जाणार नाही. लाइन लवकर येत नाही असं दिसलं की पहिल्या चार-पाच तासांतच लादी आणा, दुसऱ्या दिवशी नव्हे. फोडून जाड पिशव्यांत बांधून टोपलीत ठेवा, गारवा खाली उतरतो. निळसर बर्फ खाण्याचा नसतो, त्याचं पाणी अन्नाला लागू देऊ नका. एरवी रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, दहावा हिस्सा रिकामा सोडून, नाहीतर फुटतात. वर दोन गोधड्या टाका, आणि लाइन आली की कॉम्प्रेसरच्या जाळीवरून त्या आधी काढा.