"कशावरून?" – मुलांना विचार करायला शिकवतानाचे अनुभव

काल लेकीला म्हटलं, पाऊस येणार, छत्री घे. तर म्हणे, "कशावरून?" आणि एकदम आमचे गणिताचे सर आठवले. तास संपत आला की फळ्यावर 2, 4, 6 लिहायचे. "हे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात. तुम्ही असेच तीन-तीन आकडे सांगा, मी हो किंवा नाही म्हणेन. नियम ओळखा."

8, 10, 12? हो. 20, 22, 24? हो. वर्ग ओरडला, "दोनाने वाढतात!" सर म्हणाले, "चूक." मग शेवटच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलगी म्हणाली, "सर, 5, 9, 31?" हो. "6, 4, 2?" नाही. नियम एवढाच, की प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा हवा!

खूप नंतर कळलं की पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने 1960 मध्ये मोठ्या माणसांवर केलेला हा प्रयोग आहे. आपला अंदाज खरा ठरवणारीच उदाहरणं माणसं देत सुटतात, तो खोटा पाडून बघायचं सुचत नाही. लेकीशी खेळले तर तिने पहिल्याच फटक्यात 3, 3, 3 विचारलं. नाही म्हणावं लागलं आणि बाईसाहेब खूश.

तुमच्याकडचं सांगा. नुसता तर्कच असं नाही. ऐकून घेणं, हरणं पचवणं, काहीही चालेल.

उनाडपाखरू
ऑफिसच्या मीटिंगमध्ये खेळलो आत्ता. साहेब अजून सम आकड्यांतच आहेत.

खडूफळा
मी शिक्षिका. प्रश्न विचारला की मनात तीन आकडे मोजते, मगच कुणाला उठवते. मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी वर्गांत जाऊन पाहिलं होतं, शिक्षक सरासरी जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प असणारेही बोलतात. पण ती शांतता फार अंगावर येते हो सुरुवातीला. घंटा झाली, पळते.

निवांतक्षण
तीन सेकंद? आमच्या घरी प्रश्न पूर्ण व्हायच्या आत धाकटा उत्तर देतो, तेही थोरल्याला विचारलेल्या प्रश्नाचं.

चष्मिश
झाडावरच्या ऑक्टोपसची वेबसाइट दाखवा मुलांना! 1998 पासून आहे, फोटोबिटो सगळं, "नामशेष होतोय, वाचवा" वगैरे. अर्थात शुद्ध थाप. कनेक्टिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी सातवीतल्या मुलांना दाखवली तर बहुतेकांना खरी वाटली. माझा मुलगा पानभर वाचून म्हणाला, "दिसतंय तर खरं." मग म्हटलं, हे पान सोड, दुसरीकडे याच्याबद्दल कोण काय म्हणतं ते बघ. दोन मिनिटांत पकडलं. आता माझे फॉरवर्ड तपासतो, घरात जगणं मुश्कील झालंय.

निवांतक्षण
@चष्मिश, माझ्या सासऱ्यांचेही तपासेल का?

सोंगटी
आमच्याकडे तर्क भरपूर, हरणं शून्य. बुद्धिबळात वजीर गेला की पट उधळायचा. मग डाव संपल्यावर "तुझी कुठली खेळी मला जड गेली" हे मी सांगायचं आणि माझी त्याने, असं ठरवलं. परवा वजीर गेला, कान लाल झाले, पण पट जागेवर. वर मलाच म्हणाला, "घोडा बरा खेळलीस." अॅपवर हरला तर चिडत नाही, माझ्याशीच का चिडतो, कोणी सांगेल का?

उनाडपाखरू
अॅप हरवल्यावर हसत नाही, म्हणून.

सोंगटी
मी हसत नाही!! (थोडंसं.)

मधलीसुट्टी
संयमासाठी तो मार्शमेलोवाला प्रयोग करून बघा कोणीतरी. मुलासमोर एक मऊ गोड मार्शमेलो ठेवायचा आणि म्हणायचं, न खाता थांबलास तर दोन मिळतील. थांबणारी मुलं पुढे हुशार निघतात म्हणे.

खडूफळा
@मधलीसुट्टी, कशावरून? :) मिशेल या मानसशास्त्रज्ञाच्या मूळ प्रयोगात मुलं कमी होती, बरीचशी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या परिसरातली. 2018 मध्ये जास्त मुलांवर पाहिलं, तर घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर तो संबंध बराच क्षीण झाला. ज्या घरात दिलेला शब्द पाळला जात नाही, तिथलं मूल कशाला थांबेल?

मधलीसुट्टी
पटलं. भाचीवर करणार होते, वाचली बिचारी.

पहाटवारा
2-4-6 चार वर्षांच्या मुलीला जमेल? आकडे येतात पण घसरतात.

खडूफळा
आकडे नकोच. ठोकळे घ्या. नियम मनात धरायचा, उदा. कोपरे असलेले. एकेक ठोकळा ती दाखवेल, तुम्ही हो-नाही म्हणा. आणि मधेच तिला नियम धरू द्या.

पहाटवारा
तिने धरला. दर ठोकळ्याला नियम बदलतेय.