मदत हवी आहे: कॅरिबियन क्रूझ, नऊ माणसं आणि अकरा मतं

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. चारेक वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिलाच. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

फेब्रुवारीत ह्यांना सत्तर पूर्ण होतायत. घरात भैमरथी शांतीची बोलणी सुरू झाली तसे हे म्हणाले, "होमबिम नको, धुरानं मला ठसका लागतो. त्यापेक्षा एकदा त्रिनिदादला पोर्ट ऑफ स्पेनचं मैदान दाखवा." १९७१ साली वाडेकरांची टीम वेस्ट इंडीजला गेली तेव्हा हे शाळेत होते. त्या दौऱ्याची कात्रणं खळीनं चिकटवलेली एक वही आमच्या कपाटात आहे. खळ झुरळांनी खाल्ली, कडा कुरतडल्या, पण सरदेसाईंच्या किंग्स्टनच्या २१२चं पान शाबूत आहे. आणि गावसकरांच्या ७७४ धावांची बेरीज ह्यांनी समासात डावागणिक मांडून ठेवलीय. दोनदा. पहिल्या वेळी हातचा राहिला होता.

तर ठरलं, कॅरिबियन क्रूझ. आम्ही नाशिकचे. मंडळी अशी: आम्ही दोघं, धाकटे भावजी आणि जाऊबाई, ह्यांचे बँकेतले मित्र सपत्नीक, आणि माझ्या वन्सं. जाऊबाईंचा मुलगा आणि सून न्यू जर्सीहून येऊन मिळणार. झाले नऊ.

पूर्वी आम्ही मुंबई-गोवा बोटीचा दोन रात्रींचा प्रवास केलाय. सकाळी डोशाच्या रांगेत उभं राहून पंढरपूरच्या दर्शनबारीची आठवण झाली होती. म्हणून या वेळी एकदाच जायचं तर नीट जाऊ, लहान आणि चांगल्या बोटीनं, असं माझं मत. माणशी सात-आठ लाखांची तयारी आहे, विमान वेगळं. पण जाऊबाईंना मायामीहून सुटणारी ती अजस्र बोट हवीय, घसरगुंड्यांवाली. आत्तापर्यंत ग्रुपवर तिची एकेचाळीस रीळं टाकून झालीत. ह्यांच्या मित्रांना कॅसिनो हवा. भावजी माळकरी, गुडघे दुखरे, त्यांना कुठेही चालेल म्हणतात आणि मग काहीच चालत नाही.

खरी अडचण वन्संची आहे. यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. आता एकट्या म्हणून त्यांना केबिनचं जवळजवळ दोघांचं भाडं सांगताहेत. हे ऐकल्यापासून त्या म्हणतात, "मी नाही येत, माझ्यापायी भुर्दंड कशाला?" आम्ही सगळ्यांनी मिळून फरक भरायचा म्हटलं तर आणखीनच गप्प झाल्या. बोलून मी चूकच केली.

तेव्हा विचारायचं हे की, मायामीहून जावं की बार्बाडोसहून? पोर्ट ऑफ स्पेन कुठल्या बोटीवर मिळेल का? शाकाहारी चौघांचे हाल होतील का? पुतण्याच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय, पण "कंपनीचे कागद आहेत, चालतं" असं तो म्हणतो. खरंच चालतं? आणि त्या सुमारास कोणी मराठी मंडळी त्याच बाजूला जाणार असतील तर कृपया कळवा.

सप्तपर्णी

गोदाकाठताई, वहीचा फोटो टाकाच.

माझ्या दोन कॅरिबियन क्रूझ झाल्यात, एक मोठ्या बोटीवर, एक लहान. जाऊबाई म्हणतात ती बहुधा आयकॉन ऑफ द सीज. जानेवारी २०२४मध्ये मायामीहून सुरू झाली. एका केबिनला दोघांच्या हिशेबानं ५,६१० प्रवासी, सगळे पलंग भरले तर साडेसात हजारांच्या वर. ते एक तरंगतं गाव आहे, नातवंडं बरोबर असतील तर मजाच. सीबर्न किंवा सिल्व्हरसी अशा कंपन्यांच्या लहान बोटींवर सहाशेच्या आसपास माणसं असतात. तिसऱ्या दिवशी वेटरला तुमचा चहा पाठ असतो. भाड्याचे आकडे शेजारी ठेवताना मात्र फसू नका. लहान बोटींवर पेयं आणि टिप बहुतेक भाड्यातच असतात, रीजंट कंपनीत किनाऱ्यावरच्या बऱ्याचशा सहलीसुद्धा. मोठ्या बोटीवर भाडं स्वस्त दिसतं आणि शेवटच्या रात्री दाराखालून बिल येतं.

पोर्ट ऑफ स्पेनला बोटी फार कमी जातात. त्रिनिदादची गुजराण तेलावर आणि गॅसवर, पर्यटकांवाचून त्यांचं अडत नाही. बार्बाडोसच्या ब्रिजटाउनला मात्र रांग लागलेली असते. तिथून सुटणाऱ्या सात रात्रींच्या फेऱ्या सेंट ल्युशिया, ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट अशा जातात. सेंट ल्युशियाचे ते दोन सुळके, पिटाँ, बोटीच्या डेकवरून पहाटे बघा. मोठा ७९८ मीटर, थेट समुद्रातून उठलेला. ग्रेनाडाच्या तर झेंड्यावरच जायफळ आहे. तिथल्या बाजारात ओली जायपत्री हातात घेतली, लालभडक, आणि मला गुहागरची मामी आठवली.

भावजींच्या गुडघ्यांचं आत्ताच बघा. लहान बोट म्हणजे उतरणं सोपं असं वाटतं, ते उलट आहे. लहान बोटी लहान बेटांना जातात, बेक्वियासारख्या. तिथे मोठी बोट लागेल असा धक्का नसतो. बोट बाहेर नांगर टाकते आणि छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात. लाटेबरोबर वरखाली होणाऱ्या होडीत पाय टाकायचा असतो. खलाशी दोन्ही दंड धरतात, पण गुडघा आपलाच. बुक करण्याआधी प्रत्येक बंदरापुढे धक्का आहे की होडी, ते विचारून घ्या.

बंडू टेक्सासकर

पुतण्याला आजच्या आज फोन करा. चालत नाही!

तो म्हणतोय त्या सवलतीत शिक्का संपलेला असला तरी तीस दिवसांच्या आत अमेरिकेत परत येता येतं, पण एच-१बीवाल्यांना, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांना, ती फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. जवळच्या बेटांसाठीची सूट एफ आणि जे व्हिसावाल्यांना, म्हणजे विद्यार्थ्यांना वगैरे. तो बार्बाडोसहून परत निघाला तर विमानातच बसू देणार नाहीत. आमच्या ऑफिसातल्या एकानं "फक्त मेक्सिको" म्हणून क्रूझ घेतली आणि नंतर बघतो तर मधे बहामाचं एक बेट. पैसे गेले. आधी स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का, मग तिकीट. आणि त्याला म्हणावं, काकूला कागद दाखवू नकोस, वकिलाला दाखव.

तुमच्यासाठी: मायामीहून गेलात तर अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा हवाच, तोही अनेक वेळा प्रवेशाचा, कारण बोट परत येते तेव्हा तुम्ही पुन्हा अमेरिकेत शिरता. ब्रिजटाउनहून गेलात तर बार्बाडोसला भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागत नाही, ग्रेनाडा आणि सेंट व्हिन्सेंटलाही नाही. मार्टिनिकसारखं फ्रेंच बेट मधे असेल तर कंपनीकडून लेखी विचारून घ्या. लंडनहून ब्रिजटाउनला थेट विमान आहे. लंडनचा ट्रान्झिट व्हिसा मात्र बघा. अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असला तर त्यातून बहुधा सुटका होते.

आणि बोट सुटायच्या दिवशी पोचू नका, एक-दोन दिवस आधीच जा. बोट कोणासाठी थांबत नाही.

तांबडापांढरा

खाण्याची काळजी सोडा. लहान बोटीवर पहिल्याच संध्याकाळी मुख्य वाढप्याला गाठायचं आणि उद्याचं आज सांगायचं. भारतीय स्वयंपाकी बहुधा असतो, त्याला मराठी लोक आलेत कळलं की तो स्वतः बाहेर येतो. आम्हाला चौथ्या दिवशी पिठलं मिळालं होतं. पिठलं म्हणजे, पिवळं होतं. जाऊबाईंची एकादशी मधे येत असेल तर साबुदाण्याची आशा नको. फळं, दही, उकडलेला बटाटा.

घरून पाकीटबंद मेतकूट, लिंबाचं लोणचं न्या, पण खाण्याची वस्तू बेटावर उतरवू नका, सांडलेला चिवडासुद्धा. किटली आणि इस्त्री सामानात सापडली तर काढून घेतात. ही सूचना अनुभवातून.

काथ्याकूट

वैद्यकीय पेशातला आहे म्हणून एकच मुद्दा, पण महत्त्वाचा. पोर्ट ऑफ स्पेनचा हट्ट धरणार असाल तर पीतज्वराचं बघा. आपल्या सरकारच्या यादीत त्रिनिदाद आहे. तिथून सहा दिवसांच्या आत भारतात आलात आणि लसीचा दाखला नसेल तर अलगीकरणात ठेवतात, आणि लस किमान दहा दिवस आधी घेतलेली लागते. गोम अशी की साठीनंतर ही लस जपूनच देतात, क्वचित होणारे गंभीर दुष्परिणाम त्या वयात जास्त दिसतात. सत्तरीच्या माणसानं आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये. बार्बाडोस, सेंट ल्युशिया, ग्रेनाडाला ही भानगड नाही.

विमा घेताना रक्तदाब, साखर, स्टेंट, सगळं लिहा. लपवलं की पैसे मिळत नाहीत. बोटीवरून हेलिकॉप्टरनं हलवावं लागलं तर त्याचा खर्च धरलाय का, तेवढी ओळ वाचा. आपली इथली मेडिक्लेम समुद्रात बहुधा कामाची नसते.

सप्तपर्णी

काथ्याकूट, बरं झालं लिहिलंत.

ताई, ब्रिजटाउनचं केन्सिंग्टन ओव्हल बंदरापासून पायी जाण्याइतकं जवळ आहे. जून २०२४चा टी-२० विश्वचषक रोहितनं तिथेच उचलला. पण तुमच्या ह्यांना ते सांगू नका. वहीत तिथली चौथी कसोटी काढून द्या.

आणि एक आगाऊ सल्ला: नऊ जणांनी रोज एकत्र फिरायचं नाही. रात्रीचं जेवण तेवढं एका टेबलावर. दिवसा ज्याला जे हवं ते. आमच्या पहिल्या क्रूझला आम्ही सहाही जण सगळीकडे बरोबर होतो, त्यातल्या दोघांशी आता फक्त दिवाळीचा मेसेज असतो. बुकिंग आणि पैसे ज्याचे त्याने, कंपनीशी बोलणारं माणूस मात्र एकच. बेटावर गाडी करायची तर बोटीवरच्या इतर प्रवाशांबरोबर वाटून घेता येते. क्रूझवाल्यांच्या गटांत त्या त्या तारखेच्या प्रवाशांची हजेरी लागते, तिथे नाव टाकून ठेवा. सेंट ल्युशियात आम्ही एका स्कॉटिश जोडप्याबरोबर दिवसभर फिरलो, भाडं निम्म्यावर आलं. फक्त परतायच्या वेळेचं त्यांच्याशी आधीच ठरवा.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. अपडेट देते.

पुतण्याला फोन केला. आधी हसला, मग वकिलाशी बोलला, मग गप्प झाला. दिवाळीत इकडे येऊन स्टॅम्पिंग करणार. झालं तर येईल, नाही तर सात जण.

ह्यांना पीतज्वराचं वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. उठून वही काढली, चौथी कसोटी, ब्रिजटाउन. गावसकर नाबाद ११७, सरदेसाई १५०. म्हणाले, "चालेल. पण पहिल्या डावात तिथे गावसकर एकवर गेला होता, ते कोणी सांगत नाही." म्हणजे बार्बाडोस नक्की. जाऊबाईंना घसरगुंडीच्या बदल्यात मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची, कमी हलणारी केबिन देऊ केलीय, त्यांना बस लागते. मित्रांना लहान बोटीवरही लहानसा कॅसिनो असतो असं सांगितलंय. असतो ना?

वन्सं अजून नाहीच म्हणतात.

पारिजात

पहिल्यांदाच लिहितेय. मी ठाण्याची, वय ६४, शाळेतून निवृत्त. गेली दोन वर्षं मी हीच ब्रिजटाउनची फेरी बघते आणि एकटीचं भाडं बघून बंद करते. केबिनमधला मोठा पलंग सांगितलं तर दोन वेगळे करून देतात, मी विचारलंय. तुमच्या वन्संना चालणार असेल तर केबिन निम्मी निम्मी करू. आधी नाशिकला येऊन भेटेन, मग ठरवा. शाकाहारी आहे, पहाटे पाचला उठते, घोरत नाही असं माझा मुलगा म्हणतो. तुमच्या ग्रुपमध्ये घुसायचं नाही, दिवसा मी माझी फिरेन.

तांबडापांढरा

+१. धागा वसूल. ताई, असतो कॅसिनो, चार टेबलांचा.

गोदाकाठ

पारिजातताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. तुमचा प्रतिसाद वन्संना फोनवर वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाल्या, "विचार त्यांना, रात्री दिवा किती वाजता मालवतात? मला वाचायला लागतं."