आडगावी राहायला जावं की नाही? अनुभव येऊ द्या

आमच्या घरी गेले काही महिने हा एकच विषय चालू आहे. नवऱ्याचं काम आता कुठूनही करता येतं, माझं तसंही घरूनच चालतं, आणि शहरापासून बरंच आत असलेल्या एका छोट्या गावात घर विकाऊ आहे. तो निघायला एका पायावर तयार. मी नाही म्हणत नाही, पण हो म्हणायला जीभ रेटत नाही. हवा चांगली असते, शांतता असते, हे ठाऊक आहे. ते कृपया लिहू नका. जे गेले, जे जाऊन परतले आणि जे उंबरठ्यावरून मागे फिरले, त्यांनी एवढंच सांगा: तुमचा निर्णय नेमका कशावर ठरला?

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, त्यामुळे माझं सगळं तिथूनच सुरू होतं. "जवळ दवाखाना आहे का?" असं विचारलंत तर सगळे हो म्हणतील. पक्षाघातात मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. तेव्हा असं विचारा, की रात्री दोन वाजता चालू असलेलं सीटी मशीन इथून किती वेळावर आहे? किलोमीटर नकोत, वेळ विचारा. रुग्णवाहिका यायला लागणारा वेळही त्यातच धरा.

हृदयविकाराचंही तसंच. निदानानंतर १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर शक्य असेल तिथे आधी गुठळी विरघळवण्याचं औषध देऊन पुढे पाठवतात. ते औषध गावच्या दवाखान्यात असतं का? ते द्यायला रात्री डॉक्टर असतो का? हे फोन करून विचारता येतं, आणि विचारायला लाजू नये.

आमच्यासमोर दोन गावं होती. सासरे सोबत राहणार म्हणून मोठ्या रस्त्यालगतचं घेतलं. दुसरं दिसायला कितीतरी देखणं होतं, अजून त्याची आठवण निघते.

सावली

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. घरात तान्हं बाळ असेल तर विहिरीचं किंवा बोअरचं पाणी नायट्रेटसाठी तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं. बाकी जंतूंची तपासणी दरवर्षी करायचीच.

तारवाला

घरमालक छातीठोकपणे म्हणाले, "रेंज फुल असते." असते ना, अंगणात! घर बघायला जाल तेव्हा प्रत्येक खोलीत दार लावून फोन करून बघा, संध्याकाळी सगळे ऑनलाइन असतात तेव्हा पुन्हा बघा.

उपग्रहावरून इंटरनेट घेणार असाल तर कोणता उपग्रह ते विचारा. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किमी उंचीवर असतो. सिग्नल तिथे जाऊन, उत्तर घेऊन परत येईपर्यंत अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो. चित्रपट बघायला काही अडत नाही, पण मीटिंगमध्ये सगळे एकमेकांच्या बोलण्यावर बोलत बसतात. साधारण ५५० किमीवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या जाळ्यात हा त्रास जवळजवळ उरत नाही. त्यांना आकाश मात्र मोकळं लागतं. ज्या झाडांवर भाळून आम्ही घर घेतलं, तीच नेमकी आड आली. शेवटी छपरावर खांब उभारला.

आणि वीज. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. वीज बराच वेळ गेली की मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही उतरतात, मग तुमचा दिवा चालू आणि फोन मुका.

एकलकोंडी

नावाप्रमाणेच आहे, तरीही गेले आणि टिकले. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही: लहान गावात भांडण परवडत नाही. शहरात प्लंबरशी वाजलं की दुसरा बोलावता येतो. इथे प्लंबर एकच, आणि कुंपणावरून ज्या शेजाऱ्याशी तुमचा वाद आहे त्याचा तो मेहुणा. पहिल्या वर्षात मी जितकं गिळलं तितकं आयुष्यात कधी गिळलं नव्हतं.

औषधाच्या दुकानातून काय घेतलं ते मी घरी पोचायच्या आत शेजारी पोचलेलं असतं. याचा राग येत असेल तर येऊ नका. मला यायचा, आता येत नाही, कारण दोन दिवस दार उघडलं नाही तर तीच माणसं कडी वाजवतात.

परतलेली

आम्ही बरीच वर्षं राहून परत आलो. डॉक्टर, इंटरनेट, रस्ता, सगळं ठीक होतं. त्याच्याकडे काम होतं, माझ्याकडे फक्त गाव होतं. माझ्या क्षेत्रातली नोकरी तिथे नव्हतीच. मुलं लहान होती तोवर दिवस भरलेले असायचे. मोठ्याला हवे ते विषय गावच्या शाळेत नव्हते, तेव्हा बोलायला निमित्त मिळालं. घर विकायला मात्र फार वेळ लागला. अशा गावात गिऱ्हाईक वर्षाकाठी एखादंच फिरकतं.

धागाकर्तीला प्रश्न: तुम्हा दोघांत गाडी कोण चालवतं?

भाडेकरू

आम्ही गेलो नाही. सुट्टीत बघितलेल्या गावावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवून, गावकरीच ज्या दिवसांना कंटाळतात त्या दिवसांत तिथे भाड्याने राहिलो. कामाच्या वेळा त्याच ठेवल्या, खरेदी तिथेच केली, बाहेर फिरायला गेलो नाही. संध्याकाळी सहानंतर काय करायचं हे दोघांनाही सुचेना. दोघांना एकदमच सुचेना, हे बरं झालं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. @परतलेली, गाडी तोच चालवतो. मी शिकले होते, पण वर्षानुवर्षं हात लावलेला नाही. तुमचा प्रश्न त्याला वाचून दाखवला, तर तो बराच वेळ गप्प होता. आता मी आधी गाडीवर हात बसवणार, मग पुढचं बोलणं.

@भाडेकरू, तसंच करायचं मनात आहे, पण घरमालक भाड्याने द्यायला तयार नाहीत. विकायचंच म्हणतात, आणि लवकर म्हणतात.

रात्रपाळी

मग त्याच गावात दुसऱ्या कुणाचं तरी घर भाड्याने घ्या. आणि राहायला गेलात की यांना विकायची एवढी घाई का, ते शेजारच्यांना विचारा.